नेट नाही, टॉवर नाही, तरी मेसेज जाईल का? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात सहज विचारलं होतं की इंटरनेट आणि टॉवर दोन्ही नसताना एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनवर निरोप द्यायची वेळ तुमच्यावर कधी आली का, आणि आली तर काय केलंत. इतकी पत्रं, मेल आणि व्हॉइस नोट येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, त्यामुळे जे प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा आले तेच घेतलेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

मॅडम, नेपाळच्या आंदोलनाच्या वेळी बिटचॅट या ब्लूटूथवर चालणाऱ्या ॲपबद्दल वाचलं आणि आमच्या हॉस्टेलवर जवळपास सगळ्यांनी ते टाकलं. सुरुवातीला धमाल आली, कुठल्या रूममधून कोण काय टाकतंय ते ओळखायचा खेळच चालला. आता कुणी उघडतही नाही. आणि मी घरी नाशिकला गेलो तर ॲप एकदम मुकं! मग याचा उपयोग काय?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

अरे, ॲप मुकं नाही झालं, तुझ्या घराच्या आसपास दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं एवढंच. या सगळ्या प्रकाराची गोम इथेच आहे. व्हॉट्सॲपवर तू एकटा असलास तरी कंपनीचा सर्व्हर कुठेतरी चालू असतो, तो तुझा मेसेज धरून ठेवतो आणि समोरचा ऑनलाइन आला की देतो. इथे सर्व्हरच नाही. तुझा फोन ब्लूटूथवरून शेजारच्या फोनला देतो, तो त्याच्या शेजारच्याला, असं करत मेसेज पुढे सरकतो, वाड्यात बातमी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची ना, तसं. यालाच मेश म्हणतात. आता फोनमधलं ब्लूटूथ मोकळ्यावर धरून चाल तीसेक मीटर जातं, मध्ये दोन भिंती आल्या की दहावर येतं. बिटचॅटमध्ये एक मेसेज जास्तीत जास्त सात उड्या मारतो. म्हणजे सात गुणिले तीस, फार तर दोनशे मीटर, तेही मधल्या प्रत्येक टप्प्यावर कुणाच्या तरी खिशात तेच ॲप चालू असेल तर. हॉस्टेलच्या गेटपासून मेसपर्यंत पोचलास की संपलं.

म्हणून गर्दीत हे भारी चालतं आणि एरवी नाही. २०१४ मध्ये फायरचॅट नावाचं ॲप आलं होतं, ओपन गार्डन नावाच्या अमेरिकन कंपनीचं, मार्चमध्ये. त्याच सप्टेंबरात हाँगकाँगमध्ये लोक छत्र्या घेऊन रस्त्यावर बसले, नेट बंद करणार अशी आवई उठली, आणि एका दिवसात लाखभर लोकांनी ते उतरवून घेतलं. नेट पूर्ण बंद झालंच नाही, पण एवढी माणसं एका चौकात म्हटल्यावर टॉवर चोंदले होते, तेव्हा फायरचॅटचा खरंच उपयोग झाला. पण त्यातल्या गप्पा सगळ्या उघड्या असायच्या, कुणीही वाचाव्यात, कुणीही कुठलंही नाव घेऊन लिहावं. आंदोलन ओसरलं आणि ॲपही हळूहळू ओसरलं, आज ते बंद आहे. मग २०१९ ला पुन्हा हाँगकाँग, या वेळी ब्रिजफाय नावाचं तसंच ॲप. २०२१ च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा काही तासांत सहा लाखांवर डाउनलोड झाले असं ब्रिजफायच्याच लोकांनी सांगितलं. २०२५ च्या जुलैमध्ये ट्विटरवाल्या जॅक डॉर्सीने बिटचॅट काढलं आणि दोन महिन्यांत नेपाळ पेटलं.

नेपाळचं एक मात्र नीट सांगते, कारण आपल्याकडे बातम्या अर्धवट आल्या. ४ सप्टेंबरला तिथल्या सरकारने २६ सोशल मीडिया ॲपवर बंदी घातली, पण इंटरनेट चालू होतं. त्यामुळे पोरं व्हीपीएन लावून, म्हणजे बंदीला वळसा घालून, डिस्कॉर्ड या ग्रुप-गप्पांच्या ॲपवर गेली आणि खरी खलबतं तिथे झाली, अगदी हंगामी पंतप्रधान कोण हवा यावरचं मतदानसुद्धा. बिटचॅटचे डाउनलोड वाढले हे खरं, पण डाउनलोड होणं म्हणजे वापर होणं नाही हे तुझ्या हॉस्टेलनेच दाखवून दिलंय. उपयोग काय विचारतोस तर माझं मत असं, की ज्या पंधरा-वीस जणांना एकत्र एकाच जागी काम करायचंय, गणपतीचे कार्यकर्ते म्हण, गॅदरिंगचे व्हॉलंटिअर म्हण, त्यांनी आधी ठरवून, आधी टाकून, आधी एकदा वापरून बघितलं असेल तर ते उपयोगाचं. ऐनवेळी नेट गेल्यावर ॲप उतरवायला जाशील तर ते उतरवायलाही नेट लागतं रे बाबा.

ताई, मी रोज डोंबिवली ते सीएसएमटी लेडीज डब्यातून जाते. गेल्या महिन्यात दोन वेळा फोनवर एकदम एअरड्रॉपची विंडो आली आणि त्यात घाणेरडा फोटो. कुणी पाठवला काहीच कळत नाही, डबा खचाखच भरलेला. ब्लूटूथ कायमचं बंद ठेवायचं का? मग घड्याळ आणि इअरफोन चालत नाहीत.
– खासगी कंपनीत नोकरी, डोंबिवली

ब्लूटूथ बंद करू नका, एअरड्रॉप, म्हणजे आयफोनवरून जवळच्या आयफोनला फोटो-फायली पाठवायची सोय, तेवढी आवरा. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात एअरड्रॉप, तिथे तीन पर्याय दिसतील: रिसिव्हिंग ऑफ, कॉन्टॅक्ट्स ओन्ली आणि एव्हरीवन फॉर टेन मिनिट्स. कॉन्टॅक्ट्स ओन्लीवर ठेवा, घड्याळ-इअरफोनला काही होत नाही. हा दहा मिनिटांचा पर्याय आधी नव्हता, एव्हरीवन केलं की कायमचं सगळ्यांना खुलं. २०२२ च्या नोव्हेंबरात ॲपलने ही मर्यादा आधी फक्त चीनमधल्या फोनवर आणली, तिथे लोक मेट्रोत एकमेकांना सरकारविरोधी पत्रकं एअरड्रॉप करत होते म्हणून, त्यावर टीकाही बरीच झाली, आणि महिन्याभरात ती जगभर लागू केली. कारण काहीही असो, लोकलमधल्या बायकांचा त्यात फायदा झाला. तुमच्याकडे फोटो येतायत म्हणजे एकतर फोन जुना, अपडेट न केलेला आहे, नाहीतर कुणाकडून तरी काही घेताना एव्हरीवन केलंत आणि त्याच दहा मिनिटांत कुणीतरी साधलं.

अजून दोन गोष्टी. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या आत सेन्सिटिव्ह कंटेंट वॉर्निंग आहे, ते चालू करा, म्हणजे नग्न फोटो असेल तर धूसर करून दाखवतो. आणि जनरलमध्ये अबाउटच्या आत फोनचं नाव बदला, स्वतःचं नाव आणि पुढे आयफोन असं असलं की अख्ख्या डब्याला कळतं समोरची बाई कोण आहे ते. अँड्रॉइडवाल्यांनी क्विक शेअरमध्ये जाऊन कोण पाठवू शकतं तिथे कॉन्टॅक्ट्स करून ठेवावं.

पुन्हा आलं तर डिक्लाइन दाबायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, कारण डिक्लाइन केलं की मागे काही राहत नाही आणि पाठवणाऱ्याच्या फोनचं नाव त्या खिडकीतच दिसतं. १३९ ला सांगा किंवा स्टेशनवर रेल्वे पोलिसांकडे जा. इच्छेविरुद्ध अश्लील चित्र दाखवणं हा भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळाचा गुन्हा आहे, कलम ७५, आणि आयटी कायद्याचं ६७ वं कलम वेगळं. ब्लूटूथची पोच बघता तो माणूस त्याच डब्यात नाहीतर जाळीपलीकडच्या शेजारच्या डब्यात असतो, हे तक्रार देताना सांगायला विसरू नका.

२००६-०७ ला आम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर ब्लूटूथ चालू ठेवायचो आणि फोनला नावं द्यायचो, कोणी 'वाघ', कोणी 'तुझाच'. अनोळखी मुलींच्या फोनची नावं वाचत बसायचो. ते दिवस कुठे गेले हो?
– बँक कर्मचारी, कोल्हापूर

मुलींना विचारलंत का तेव्हा, की त्यांना ते आवडायचं का? असो. तुम्ही जे करत होतात त्याचं रीतसर ॲप नोकियाने २००५ मध्येच काढलं होतं, सेन्सर नावाचं. त्यात स्वतःचं छोटंसं पान बनवायचं, फोटो आणि चार ओळी, आणि आसपासच्या नोकियावाल्यांची पानं ब्लूटूथवरून बघायची. म्हणजे फेसबुक आपल्याकडे माहीत होण्याआधीचं, फक्त एका हॉलपुरतं. चाललं नाही, कारण तेच, हॉलमध्ये दुसऱ्या कुणाकडे नसायचं. नंतर गाणी आणि पिक्चर फोनवरून फोनवर फिरवायला शेअरइट आलं, तेही २०२० च्या जूनमध्ये बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपमध्ये गेलं. पण खरं सांगायचं तर त्याच्या आधीच, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर लोकांना डेटा वाचवायची गरजच उरली नव्हती.

सप्रेम नमस्कार. आमची दिंडी दरवर्षी आळंदीहून निघते, दीडशेच्या आसपास माणूस असतं. दिवेघाटात आणि रिंगणाच्या वेळी कुणाचाच फोन लागत नाही, म्हातारी माणसं मागे राहतात. पुतण्या म्हणतो ब्लूटूथवालं ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये टाकू. जमेल का?
– दिंडीचे व्यवस्थापक, सासवड परिसर

नमस्कार माउली. पुतण्याची कल्पना कागदावर एकदम बरोबर आहे, कारण मेशला गर्दीच लागते आणि वारीइतकी गर्दी दुसरीकडे कुठे मिळायची. तरी मी नको म्हणेन. एकतर तुमच्या दिंडीतल्या मागे राहणाऱ्या माणसांकडेच बटणाचा फोन असणार, त्यात ही ॲप चालत नाहीत. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे ते तो पावसासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पिशवी झोळीत आणि झोळी पाठीवर. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे चार माणसं मध्ये आली की पोच निम्म्याहून कमी होते, दाटीवाटीत तर विचारूच नका. आणि लाखो वारकऱ्यांमध्ये तुमचे दीडशे विखुरलेले, त्यांच्या मधल्या हजारोंकडे ते ॲप नाही, मग साखळी जोडायची कशी? वर दिवसभर ब्लूटूथ शोधाशोध करत राहिलं की संध्याकाळी तळावर पोचेपर्यंत बॅटरी बसलेली, चार्जिंगला ट्रकपाशी रांग.

त्यापेक्षा हे करा. फोन लागत नाही आणि व्हॉट्सॲप फिरत राहतं तेव्हाही साधा एसएमएस बऱ्याचदा जातो, कारण त्याला डेटा लागत नाही, तो टॉवरच्या वेगळ्या छोट्या वाटेने जातो, आणि समोरचा फोन रेंजमध्ये नसला तर कंपनी तो काही काळ धरून ठेवून पुन्हा पुन्हा पाठवत राहते. फक्त एसएमएस इंग्रजी अक्षरांत लिहा. मराठीत ७० अक्षरांत एक एसएमएस संपतो, इंग्रजी लिपीत १६० बसतात. दुसरं, दिंडीच्या पुढच्या, मधल्या आणि शेवटच्या माणसाकडे वॉकीटॉकी द्या. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरच्या कमी ताकदीच्या सेटला लायसन्स लागत नाही, बाकीच्यांना लागतं, त्यामुळे घेताना खोक्यावर तेवढं तपासून घ्या, ऑनलाइन काहीही विकत असतात. घाटाच्या वळणावर आवाज तुटेल, पण सरळ रस्त्यावर किलोमीटरभर बोलणं होतं आणि म्हाताऱ्या माणसालाही बटण दाबून बोलता येतं. आणि प्रत्येकाच्या खिशात दिंडीचा क्रमांक, रथापुढे की रथामागे, आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असतेच, ती लॅमिनेट करून घ्या म्हणजे झालं.

मेश ॲप टाकताना ते लोकेशनची परवानगी मागतं. नेट नको, नंबर नको म्हणतात आणि मी कुठे आहे ते मात्र हवं? हा काय प्रकार?
– निवृत्त शिक्षिका, चिंचवड

शंका अगदी रास्त आहे बाई. पण इथे ॲपपेक्षा अँड्रॉइडचा नियम जबाबदार आहे. दुकानांत, मॉलमध्ये, विमानतळावर छोटी ब्लूटूथ यंत्रं बसवलेली असतात, प्रत्येकाचा ठरलेला क्रमांक असतो, आणि तुमच्या फोनला ती कोणकोणती दिसतायत त्यावरून तुम्ही कुठल्या दुकानात कितव्या रांगेत उभ्या आहात ते कळू शकतं. म्हणून आसपासची ब्लूटूथ शोधायची म्हणजे लोकेशन कळण्यासारखंच, असं धरून अँड्रॉइडने ती परवानगी सक्तीची केली. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी 'जवळची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आली. तुमचा फोन त्याहून नवा असेल आणि तरी कुणी लोकेशनच मागत असेल तर मग जरा भुवई उंचवा. आणि हो, शाओमी, विवो, ओप्पोच्या फोनमध्ये बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चाललेली ॲप मारून टाकतात, तिथे बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला सूट दिली नाही तर स्क्रीन बंद झाली की मेश गेलं. आयफोनमध्येही ॲप मागे गेलं की ब्लूटूथचा वेग फार मंदावतो. "माझ्याकडे चालत नाही" म्हणून जेवढी पत्रं आली त्यातल्या बऱ्याचशांचं उत्तर एवढंच आहे.

सर्व्हर नाही, कंपनी नाही, म्हणजे हे मेसेज कुणी वाचूच शकत नाही असं समजायचं का?
– वकील, नागपूर

असं बिलकुल समजू नका वकीलसाहेब, उलट मध्ये कोण आहे हे माहीत नसतं म्हणून जास्त जपायला हवं. तुमचा मेसेज अनोळखी लोकांच्या फोनमधून उड्या मारत जातोय. कुलूप पक्कं असेल तर ते फक्त हमाली करतात, कच्चं असेल तर वाचतात.

ब्रिजफायचं उदाहरण यासाठी प्रत्येकाने वाचावं. हाँगकाँगमध्ये गाजलेलं, आंदोलकांसाठी उत्तम म्हणून कंपनीनेच मिरवलेलं ॲप. २०२० च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या रॉयल हॉलोवे कॉलेजच्या संशोधकांनी ते उघडून बघितलं तर काय निघालं, कोण कोणाशी बोलतंय ते बाहेरच्याला कळत होतं, दुसऱ्याच्या नावाने मेसेज पाठवता येत होते, खासगी म्हणून पाठवलेले मेसेज फोडता येत होते, आणि कहर म्हणजे एकच मुद्दाम बनवलेला मेसेज सोडला की तो एका फोनवरून दुसऱ्यावर जात सगळ्यांची ॲप बंद पाडत होता. कंपनीने मग सिग्नल नावाच्या ॲपची मेसेज कुलूपबंद करायची पद्धत आतमध्ये बसवली, पण २०२२ मध्ये पुन्हा तपासलं तेव्हाही भोकं सापडलीच. बिटचॅट आलं तेव्हाही काही दिवसांतच एका तज्ज्ञाने दाखवलं की ओळखीच्या माणसाचं सोंग घेता येतंय, आणि मग डॉर्सीने स्वतःच पाटी लावली की याची बाहेरून सुरक्षा-तपासणी झालेली नाही.

एअरड्रॉपसुद्धा पाठवणारा लपवतं असा समज आहे. जोडणी करताना फोन नंबर आणि ईमेलची जी खूण पाठवली जाते ती उलगडून नंबर काढता येतो हे जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी ॲपलला २०१९ मध्येच कळवलं होतं, आणि २०२४ च्या जानेवारीत बीजिंगच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की आम्ही त्याच वाटेने पाठवणारे शोधून काढलेत.

या सगळ्यांत विचार करून बनवलेलं म्हणाल तर ब्रायर, पण ते फक्त ओळखीच्या, आधी जोडून घेतलेल्या माणसांशीच बोलतं, कुणाही परक्याच्या फोनमधून खासगी मेसेज नेत नाही, त्यामुळे पोच कमी आणि भरवसा जास्त. आणि त्यावर आपल्याकडे २०२३ च्या मे महिन्यात बंदी आली, जम्मू-काश्मीरमधल्या अतिरेक्यांच्या वापराचं कारण देऊन ज्या १४ ॲपना बंद केलं त्यात ते होतं. त्या यादीत एलिमेंट आणि थ्रीमाही होती. ती कुणी वापरावीत असं मी इथे छापू शकत नाही, त्या बंदीबद्दल काय वाटतं ते मात्र तुम्हीच मला लिहा, तुमचा विषय आहे.

आमचा ट्रेकिंग ग्रुप आहे. हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेने जाताना पुढची आणि मागची टीम यांचा संपर्क तुटतो. लोरा नावाचं काहीतरी ऐकलंय, मेशटॅस्टिक. खर्च करण्यासारखं आहे का?
– ट्रेक लीडर, ठाणे

आहे. या महिन्याच्या सगळ्या पत्रांत हा एकच प्रश्न असा आहे की ज्याला मी मनापासून हो म्हणते, त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते.

फोनच्या ब्लूटूथने तुमचं काम होणार नाही, तीस मीटरमध्ये हाकही ऐकू येते. लोरा म्हणजे कमी ताकदीवर, अगदी संथ वेगाने, पण फार लांब जाणारा रेडिओ. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा बोर्ड, वर अँटेना, मागे बॅटरी. त्यावर मेशटॅस्टिक नावाची फुकट प्रणाली टाकायची आणि तो बोर्ड ब्लूटूथने आपल्या फोनला जोडायचा. टाइप करायचं फोनवर, लांबवर पोचवायचं काम बोर्डाचं. समोर मोकळं असेल तर काही किलोमीटर सहज जातं. मध्ये डोंगराची सोंड आली की गेलं, रेडिओ काही कातळातून आरपार जात नाही, आणि नळीच्या वाटेत तर दोन्ही बाजूंना कातळच. म्हणून तिसरा बोर्ड लागतो. एक पुढच्यांकडे, एक मागच्यांकडे आणि एक अशा माणसाकडे जो दोघांनाही दिसेल अशा उंचवट्यावर थांबलाय. मधला बोर्ड आपोआप पुढे ढकलतो, सुरुवातीला तीन उड्यांपर्यंत ठेवलेलं असतं, सातपर्यंत वाढवता येतं, पण वाढवू नका, उगाच हवेत मेसेजची गर्दी होते आणि सगळ्यांचेच मेसेज अडकतात.

फोटो, आवाज काही जात नाही. फक्त मजकूर आणि ठिकाण. आणि मजकूरही दोनशे बाइटच्या आसपास. इथे आपली एक अडचण होते, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं आणि काना-मात्रा-हलंत सगळे वेगळे मोजले जातात. नुसतं 'किल्ल्यावर' लिहिलंत तर तीस बाइट गेले. म्हणून रोमनमध्ये लिहा, नाहीतर ग्रुपमध्ये आकडे ठरवून घ्या, १ म्हणजे पोचलो, २ म्हणजे थांबा, ९ म्हणजे कुणीतरी पडलंय, मदत हवी. थंडीत, पावसात, थरथरत्या बोटांनी आकडाच टाइप होतो.

घेताना बघायचं ते असं. आपल्याकडे विनापरवाना वापराला ८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, त्यामुळे ८६८ चा बोर्ड घ्या आणि सेटिंगमध्ये देश भारत निवडा म्हणजे तो ८६५ ते ८६७ मध्ये राहतो. ४३३ आणि ९१५ चे बोर्ड स्वस्तात दिसले तरी सोडून द्या. अँटेना लावल्याशिवाय बोर्ड चालू करू नका, रेडिओचा भाग जळू शकतो, ही चूक नवखे हमखास करतात. आणि सुरुवातीचं जे सार्वजनिक चॅनेल असतं त्याची किल्ली सगळ्या जगाला माहीत आहे, स्वतःचं चॅनेल बनवून त्याचा क्यूआर घरीच सगळ्यांच्या फोनवर स्कॅन करून घ्या.

अजून एक, ग्रुपमधला कुणीतरी परदेशातून सॅटेलाइटवाला कम्युनिकेटर घेऊन येतो म्हणेल. परवानगीशिवाय ते आपल्या देशात चालत नाही, २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पाहुणीला याच कारणावरून अडवलं होतं. आणि हे बोर्ड म्हणजे बचाव यंत्रणा नव्हे. घरी कुणाला तरी कुठल्या वाटेने चढणार, कधी उतरणार ते लिहून द्यायचं ते द्यायचंच.

माझी शाळा धारणी तालुक्यात आहे, आसपासच्या काही गावांना रेंजच नाही. एसटी मात्र येते. मुलांचे व्हिडिओ, धडे, निरोप एसटीबरोबर पाठवता येतील अशी काही सोय असू शकते का? हसू नका.
– शिक्षक, मेळघाट

हसत नाही सर, हे झालेलं आहे, आणि आपल्या शेजारीच. साधारण २००३-०४ च्या सुमाराला एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या लोकांनी डाकनेट नावाचा प्रयोग केला होता. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर तालुक्यात बसवर वायफायचं यंत्र बसवलं. बस गावात आली की गावातला कॉम्प्युटर आपोआप तिला जोडला जायचा, निरोप आणि अर्ज बसमध्ये चढायचे, तिथले आलेले खाली उतरायचे, आणि बस तालुक्याला पोचली की पुढे. भूमी योजनेतले जमिनीचे कागद त्यातून फिरवले. ओडिशातही केलं. नंतर मोबाइलचे टॉवर उभे राहत गेले आणि सगळ्यांना वाटलं की आता गरज नाही, मेळघाटात टॉवर पोचायचा राहिला ती गोष्ट वेगळी.

आज तुम्हाला बसवर यंत्र बसवायची गरज नाही, कंडक्टर नाहीतर रोज ये-जा करणारा एखादा शिक्षक पुरे. एक जुना स्मार्टफोन, मोठं मेमरी कार्ड. तालुक्याला वायफायवर धडे आणि व्हिडिओ उतरवून घ्यायचे, गावात आल्यावर त्याच फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, नेट नसलं तरी हॉटस्पॉट चालतो, आणि सिंकथिंगसारखं ॲप दोन्हीकडच्या फोनवर असेल तर ठरवलेल्या फोल्डरमधल्या फायली आपोआप इकडून तिकडे होतात. मुलांची उत्तरं, पालकांचे निरोप त्याच फोल्डरमधून परत. क्विक शेअरने एकेक पाठवायचं तर तेही होतं, पण चाळीस मुलांना एकेक म्हणजे तास त्यातच जाईल. किविक्स नावाचं ॲप घ्या, त्यात अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये येतो, एकदा उतरवला की नेट लागत नाही आणि ती फाइल पुढच्या गावाला कॉपी करून देता येते.

फक्त एक करा, मुलांची नावं, आधार नंबर, फोटो असलं काही त्या फिरत्या फोनमध्ये ठेवू नका, कारण तो कुठेतरी सीटवर विसरणार आहे हे धरूनच चालायचं. फोनला लॉक आणि मागच्या बाजूला शाळेचं नाव. सुरू केलंत तर पहिल्या महिन्यात काय अडलं ते कळवा, पुढच्या अंकात त्यावर लिहीन.